टाकीवरचा पिवळा डाग

माझ्यावर कधी कोणी बसलेले नाही. पेट्रोलचा वास मला माहीत नाही. तरीही, मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि माझा एक अपघात झालेला आहे.

माझी लांबी तुमच्या कंपासपेटीएवढी आहे. खऱ्या मोटारसायकलीपेक्षा मी बारा पट लहान आहे. माझा अपघात रस्त्यावर झाला नाही. नाशिकजवळ मखमलाबादला झेंडूचे मळे आहेत, तिथल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर तो झाला. मी प्लास्टिकची असल्यामुळे मला काही दुखले नाही. ज्यांना लागले त्या दोघी माणसे होत्या.

जन्मले तेव्हा मी मोटारसायकल नव्हतेच. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले पुष्कळसे सुटे भाग, एवढीच मी होते. जपानमधल्या एका कारखान्यात मला खोक्यात घातले गेले. मालवाहू जहाजावर नोकरी करणाऱ्या नाथामामाने ते खोके आपल्या भाच्याला, जीवनला, आणून दिले. गोष्ट एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांतली आहे. जीवन तेव्हा नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता आणि गाड्यांचे त्याला वेड होते. दिवाळीनंतर त्याच्या कॉलेजात छंदांचे प्रदर्शन भरणार होते. त्यात मला मांडायचे त्याने ठरवले.

माहितीचा कागद जपानी भाषेत होता, पण त्यावर आकृत्या होत्या. त्या बघून जीवनने माझे इंजिन जोडले, चाके बसवली. मग रंगाच्या इवल्याशा बाटल्या आणि चित्रांचा एक पातळ कागद पाहून तो थबकला. त्याने मला धाकट्या बहिणीपुढे ठेवले. दिशा तेव्हा नववीत होती.

"हे तू कर," जीवन म्हणाला. "माझी बोटं गवार तोडायची. तुझी कशिद्याची."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडलं तर तुझ्या नवऱ्याला लग्नात हीच गाडी देईन. खरी मागायची नाही म्हणावं."

दिशाने याआधी असे काम कधीच केले नव्हते. पहिल्या दिवशी तिने माझ्या टाकीवर पांढरा रंग थेट बाटलीतून जाड फासला. तो ओघळला आणि टाकीच्या खालच्या काठाला थेंब होऊन लोंबत राहिला. वाळला का ते पाहण्यासाठी तिने बोट लावले. तिच्या बोटाचा ठसा, रेषा न् रेषा, माझ्यावर उमटला. मग वॉटर पेपरने सारे घासून काढणे आले. घासून झाल्यावर तिने रंगात थोडे टर्पेंटाइन घातले आणि एक पातळ थर दिला. तो वाळेपर्यंत हात मागे बांधून बसली. मग दुसरा, मग तिसरा. घाई केली की रंग चिडतो, हे ती माझ्यावरच शिकली.

रंगवलेले भाग टेकवायचे कुठे हा प्रश्न होता. केरसुणीच्या काड्यांना ते चिकटवले, पण काड्या उभ्या राहिनात. तेव्हा तिच्या आत्याने, कुसाबाईने, एक लांबडा दुधी भोपळा आणून टेबलावर ठेवला.

"याच्यात खोच. पण उद्या भाजीला लागंल, ध्यानात ठेव."

"रंगाचा वास येईल ना आत्या भाजीला."

"मग तूच खा."

दिशाने तो दुधी कोणालाही खाऊ दिला नाही. पण माझा आरसा, माझे धुराडे आणि चिखलरोधक असे हिरव्या दुधीवर रांगेत उभे होते, ते रूप मी अजून विसरलेले नाही.

मित्रांनो, या आत्याबद्दल थोडे सांगायला हवे. तिचे यजमान तरुणपणी तापाने गेले आणि ती भावाच्या घरी, म्हणजे सावळीरामांकडे, राहायला आली. घरात लागणारे कुंकू ती स्वतः करायची. हळदीत चुन्याची निवळी घालायची, लाल झालेला गोळा सावलीत वाळवायची, कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. ते कुंकू सगळी आळी घेऊन जाई. आत्या मात्र ते स्वतःला लावत नसे, आणि पूजेचे ताट घेऊन कधी पुढे होत नसे. घरातल्या कोणी तिला तसे सांगितलेले नव्हते. तिचे तिनेच ठरवले होते, आणि ठरवू नको असेही कोणी म्हटले नव्हते.

माझ्या रंगकामात मात्र ती दिशाच्या शेजारी असे. धूळ बसू नये म्हणून माझ्यावर पालथी घातलेली टोपली तिचीच. चित्रे चिकटवायची वेळ आली तेव्हा कोमट पाणीही तिनेच करून दिले.

ही चित्रे म्हणजे साधे स्टिकर नव्हेत. जीवनला तसे वाटले होते. त्याने एक नखाने सोलायला घेतले आणि फाडून ठेवले. ते कागदासकट पाण्यात बुडवायचे असते. खालचा डिंक सुटला की कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असे चित्र कागदावरून घसरते आणि ते अलगद गाडीवर सरकवायचे असते. दिशाने आधी त्याच कागदावरची सूचनांची बारीक अक्षरे चमच्याच्या पाठीवर चिकटवून हात बसवला. मग निळी पट्टी घेतली. ती टाकीच्या पुढून निघून फुगवट्यावरून वळत मागे जायची होती. प्रत्येक बाजूला एकच पट्टी, जादा नाही. फुगवट्यावर तिला सुरकुत्या पडल्या. कोमट पाण्यात पिळलेला रुमाल ठेवून ठेवून दिशाने त्या एकेक करून बसवल्या. श्वास लागून पट्टी हलू नये म्हणून ती तोंड बाजूला वळवून श्वास घेत होती.

"लेकराला न्हाऊ घालावं तसं चाललंय," आत्या म्हणाली.

संध्याकाळी मी पूर्ण झाले. शुभ्र टाकी, तिच्यावर निळी पट्टी. जीवनने मला हातावर घेतले आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिले. वरून चकचकीत रोगणाचा एक हात द्यायचा तेवढा राहिला होता. तो दिला की चित्र कायमचे पक्के होते. दसरा झाला की रोगण आणतो, असे जीवन म्हणाला.

"तोवर ओला हात नको हं आत्या," दिशा म्हणाली. "डिंक परत सुटेल."

"मला काय सांगतीस? पाणी मीच तापवलं ना."

झेंडूवाल्यांच्या घरी दसरा म्हणजे काय असते, हे तुम्ही कल्पनेने जाणाल. सगळ्या नाशिकच्या दारांना तोरणे बांधायची फुले त्यांच्याच मळ्यांतून जातात. आदल्या दिवसापासून घरात फुलांचे ढीग होते. पहाटे सावळीराम, दिशाची आई मालनबाई, जीवन आणि दिशा टेंपोत बसून बाजारात निघाले. निघता निघता मालनबाई थांबली.

"वन्सं, आम्हाला यायला उशीर झाला तर घरातल्या गाड्यांची पूजा तुम्हीच उरका."

"मी?"

"मग कोण? घर तुमचंच हाय."

टेंपो गेला. आत्या बराच वेळ ओसरीत उभी होती. मला खिडकीतून ती दिसत होती. मग तिने अंघोळ केली, ताट केले आणि एकेक वस्तू पुजायला घेतली. सायकल, फवारणीचा पंप, विळे, खुरपी. कुंकवाचे बोट ती आधी जेमतेम टेकवत होती, नंतर ठळक उमटवू लागली. शेवटी ती माझ्यापाशी आली.

"तूही गाडीच की गं," ती मला म्हणाली. "तुला कशी वगळू?"

तिने हात पदराला पुसला, दोनदा पुसला, आणि कोरड्या कुंकवाचा एक ठिपका माझ्या टाकीच्या मधोमध टेकवला. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पण लिंबू माझ्या चाकाएवढेच होते. म्हणून तिने अर्धी फोड चाकाजवळ ठेवली आणि स्वतःशीच हसली. त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटले की मी खरी मोटारसायकल आहे.

दुपारी दिशा इतरांच्या आधी एकटीच घरी आली. पहाटेपासून उभी राहून तिचे पाय दुखत होते. ती सरळ माझ्याकडे आली आणि पांढऱ्या टाकीवरचा तो लाल ठिपका तिने पाहिला. आत्या मागच्या चुलीपाशी होती.

कोरड्या फडक्याने ठिपका निघाला असता. एक फुंकर मारली असती तरी बराचसा उडाला असता. पण दिशा रागात होती. देवाची भांडी लिंबाने स्वच्छ निघतात, हे ती लहानपणापासून बघत आली होती. शेजारीच लिंबाची फोड होती. तिने ती उचलली आणि ठिपक्यावर घासली.

लाल रंग डोळ्यांदेखत पिवळा झाला. ती घाबरली आणि आणखी जोराने घासू लागली. लिंबाच्या रसाने पट्टीखालचा डिंक सुटला. पट्टी तिच्या बोटाखाली सरकली, दुमडली आणि फाटली. माझा रंग वरून वाळला होता, पण आतून अजून पुरता कडक झाला नव्हता. पिवळेपणा त्यात शिरून बसला.

मित्रांनो, त्यानंतर तिने जे केले ते मला सर्वांत जास्त आठवते. तिने लिंबाची फोड परत माझ्या चाकाजवळ ठेवली. जशी होती तशी, त्याच जागी.

थोड्या वेळाने टेंपो आला. जीवन आत आला आणि माझ्याकडे पाहून उभाच राहिला.

"टाकीला काय झालं?"

"आत्यानं कुंकू लावलं," दिशा म्हणाली.

हे वाक्य खरे होते. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

पिठाने भरलेल्या हातांनी आत्या दारात आली. "व्हय रे, मी लावलं. कोरडंच लावलं पण." मग तिचे लक्ष माझ्या टाकीकडे गेले. तिने दिशाकडे पाहिले. दिशा खिडकीबाहेर बघत होती.

"आत्या, कशाला हात लावायचा पण," जीवन म्हणाला. तो ओरडला नाही. दमलेल्या आवाजात एवढेच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

आत्याने आपल्या बोटांकडे पाहिले. "माझाच हात तसला," ती हळूच म्हणाली. ते दिशाने ऐकले आणि मी ऐकले.

संध्याकाळी अंगणातून मालनबाईची हाक आली. "वन्सं, टेंपोची पूजा राहिली बघा."

"तू कर मालन. तुझा हात चांगला."

मला प्रदर्शनात कोणी नेले नाही. दिशाने मला खोक्यात घालून कपाटावर ठेवले. हळदीचा डाग उन्हात ठेवला की फिका पडत जातो, हे तिला माहीत होते. हळदीने भरलेले कपडे त्या घरात नेहमी उन्हातच वाळत घालत. पण उन्हात ठेवायचे तर मला बाहेर काढावे लागले असते, सगळ्यांनी मला पाहिले असते आणि कोणी काही विचारले असते. म्हणून मी अंधारात राहिले आणि माझा डागही राहिला.

पुढच्या वर्षी एकदा खोके उघडले. दिशाच्या हातात दहावीचे विज्ञानाचे पुस्तक होते. त्या दिवशी वर्गात हळदीचा कागद करून दाखवला होता. साबणाच्या पाण्यात तो लाल होतो, आंबट रसात परत पिवळा. तिने माझा डाग पाहिला. कुंकू आपण होऊन पिवळे होत नाही. त्यावर कोणीतरी लिंबू घासावे लागते. घरात दुसऱ्या कोणाला शाळेतला हा धडा आठवला असता, तर त्याला हे वाचता आले असते. तिची सही होती ती.

मला हातात घेऊन ती ओसरीत गेली. आत्या वाती वळत होती. दिशाने मला पाठीमागे धरले होते.

"आत्या..."

"काय गं?"

"काही नाही. कापूस आणायचाय का तुला?"

मी पुन्हा कपाटावर गेले. कुंकू आत्या करतच राहिली. आळी ते घेऊन जातच राहिली. पण दसऱ्याला पूजेचे ताट निघाले की ती दाराआड उभी राहून बघायची. मालनबाई बोलवायची, ती यायची नाही. मग मालनबाईने बोलवणे सोडून दिले. दिशा त्या दिवशी काहीतरी काम काढून मळ्यात निघून जाई. मला तोंड असते तर मी बोलले असते, असे मी पुष्कळदा मनाशी म्हटले. पण बोलता न येणाऱ्याला असे म्हणणे सोपे असते. जिला बोलता येत होते तिला ते किती अवघड गेले, हे मी जवळून पाहिले आहे.

वर्षे गेली. जीवन सातपूरच्या एका कारखान्यात लागला. दिशा कॉलेजात रसायनशास्त्र शिकू लागली. नवीन शतक सुरू झाल्यावर एका सकाळी जीवनने घरी खरी मोटारसायकल आणली. सगळे अंगणात जमले. दिशा खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. खिडकी उघडी होती, त्यामुळे बाहेरचे तिलाही ऐकू येत होते आणि मलाही.

"आत्या कुठंय?" जीवन म्हणाला. "आत्या, पहिलं कुंकू तू लाव. कामावर जाताना रोज डबा तूच देतेस."

"मी नको रे बाबा."

"का?"

"त्या बारक्या गाडीचं काय झालं ठाऊक हाय ना? ती तर टेबलावर होती. ही रस्त्यावर जायची."

"कोणती बारकी गाडी?" जीवन म्हणाला.

तो विसरून गेला होता, मित्रांनो. अगदी खरेच विसरला होता. लक्षात ठेवले होते ते फक्त दोघींनी.

पुस्तक मिटल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. दिशाने खोके खाली घेतले, मला बाहेर काढले आणि स्वयंपाकघरातून एक लिंबू आणि पांढरी बशी घेतली. अंगणात येऊन ती आत्यापुढे खाली बसली. ताटातले चिमूटभर कुंकू तिने बशीत टाकले.

"आत्या, हे बघ. हे तुझं कुंकू." मग तिने त्यावर लिंबू पिळले.

बशीतले कुंकू पिवळे झाले. तिने माझी टाकी बशीशेजारी धरली. दोन्ही पिवळे एकच होते.

"तू कोरडं लावलं होतंस. त्यानं काहीच झालं नव्हतं. लिंबू मी घासलं. पट्टी मी फाडली."

मालनबाईने तोंडाला पदर लावला.

"तू घासलंस," आत्या म्हणाली.

"हो."

"आन् मला सांगितलं नाय."

"नाही."

"म्या इतके दसरे दाराआड काढले गं, दिशा."

दिशाला रडू आले, पण आत्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण गोष्टींत अशा वेळी हात फिरवतात. आत्या उठली. "सरक," म्हणाली. मालनबाईच्या हातातले ताट तिने घेतले आणि नव्या गाडीपुढे जाऊन पाच बोटांनी कुंकू लावले. चाकाखाली लिंबू ठेवले. जीवनने किल्ली फिरवली, गाडी चालवून लिंबू चिरडले आणि आळीच्या टोकापर्यंत जाऊन तो परत आला. तोवर आत्या रस्त्याकडे टक लावून उभी होती.

तो परत आल्यावर ती माझ्याकडे वळली. मी अजून बशीशेजारी होते. तिने माझ्या टाकीवर, त्या जुन्या डागाच्या बाजूला, कोरड्या कुंकवाचा ठिपका ठेवला.

"हे आता पुसू नको," ती दिशाला म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस ती दिशाशी कामापुरतेच बोलायची. दिशा ते निमूट सोसत होती. मग एका सकाळी आत्याने हळद कुटायला काढली आणि दाराकडे न बघताच म्हणाली, "नुसती उभी काय राहतीस? चाळण धर." दिशाने चाळण धरली. माझ्या मते माफी त्या दिवशी मिळाली.

मला आता कपाटावर ठेवत नाहीत. मी खिडकीत असते. तिथे सकाळचे ऊन येते. काही महिन्यांतच माझा पिवळा डाग फिका झाला आणि आता नीट शोधावा लागतो. फाटलेली निळी पट्टी मात्र तशीच आहे. जीवन म्हणाला होता, सगळी घासून नव्याने रंगवू. दिशाने नको म्हटले. दर दसऱ्याला आत्या माझ्या टाकीवर कुंकू टेकवते, आणि दुसऱ्या दिवशी दिशा ते कोरड्या फडक्याने, अगदी हलक्या हाताने टिपून घेते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे काही नाजूक असेल, तर त्याचा रंग पुरता वाळू द्या आणि त्याला कोरड्या हाताने धरा. कधी तुमच्याकडून त्यावर डाग पडलाच, तर ते अंधारात ठेवू नका. आणि कोणी विचारले, तर नुसते खरे वाक्य बोलून थांबू नका. लिंबाची फोड कोणाच्या हातात होती, तेही सांगा. त्या दिवशी तेवढे एक वाक्य जास्त बोलले गेले असते, तर माझी आत्या इतकी वर्षे दाराआड उभी राहिली नसती.

होय, माझी आत्या. मला खऱ्या गाड्यांत मोजणारी ती पहिली होती.